रुग्ण नेमका कुठे असतो? आरोग्याचा नकाशा शिकताना

केसपेपरवर पत्ता लिहिलेला असतो: ‘किसन नगर ३, देवळामागची बैठी चाळ, वागळे इस्टेट, ठाणे (प.)’. पोस्टमनला एवढं पुरतं. आशाताईंना तर याहून कमी पुरतं, आडनाव सांगितलं की त्या दारापर्यंत नेऊन सोडतात. संगणकाला मात्र यातलं काहीच कळत नाही. त्याला हवे असतात दोन आकडे, एक अक्षांश आणि एक रेखांश.

मी ठाण्यातल्या एका लहानशा आरोग्य गटात नोंदींचं काम करते. वस्तीत जायचं, तापाच्या रुग्णांची यादी करायची, ती नीट लिहून ठेवायची. काही पावसाळ्यांपूर्वी या याद्या नकाशावर टाकायचं ठरलं आणि मी जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे मांडायचं तंत्र, शिकायला बसले. सॉफ्टवेअर महिनाभरात हाताला लागलं. ‘हा रुग्ण नकाशावर ठेवायचा कुठे?’ हा प्रश्न मात्र अजूनही रोज नव्यानं सोडवावा लागतो. आरोग्याच्या कामातलं जीआयएस म्हणजे मुळात हाच प्रश्न, असं माझं मत झालं आहे. त्यामुळे या लेखात बटणांबद्दल कमी आणि त्या प्रश्नाबद्दल जास्त सापडेल.

बटर पेपर एकावर एक

जीआयएस म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली. नाव जड आहे, कल्पना शाळेतल्या बटर पेपरची आहे. एका बटर पेपरवर ठाण्याचे रस्ते गिरवा. दुसऱ्यावर नाले. तिसऱ्यावर सार्वजनिक नळ आणि पाण्याच्या टाक्या. चौथ्यावर आरोग्य केंद्रं. पाचव्यावर गेल्या महिन्यात डेंग्यू झालेल्यांची घरं. आता पाचही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरा. ताप नाल्याच्या कडेनं चालला आहे की टाक्यांच्या भोवती, हे बघायला वेगळी विद्या लागत नाही.

संगणकावर या कागदांना लेयर म्हणतात, आपण थर म्हणू. कागदावर नसलेली एक सोय इथे असते. प्रत्येक ठिपक्यामागे एक्सेलसारखी एक ओळ दडलेली असते: वय, तपासणीची तारीख, निदान, कुठल्या दवाखान्यात आला. ठिपक्यावर क्लिक केलं की ओळ उघडते. उलट दिशेनंही जाता येतं. ‘जुलैमधले, पंधरा वर्षांखालचे’ एवढी अट घातली की बाकीचे ठिपके बाजूला होतात. काही थर ठिपके, रेघा आणि बंद आकृत्यांचे असतात (रुग्ण, नाले, प्रभाग), तर काही उपग्रहाच्या छायाचित्रासारखे, बारीक चौकोनांच्या जाळीचे. सुरुवातीला एवढं पुरे.

संगणकावर हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर घडलं ते १९६० च्या दशकात कॅनडामध्ये. रॉजर टॉमलिन्सन यांना त्या प्रचंड देशातल्या जमिनीच्या वापराची मोजदाद करायची होती. आरोग्यवाल्यांनी मात्र ठिपक्यांचा नकाशा कागदावर त्याच्या शंभरेक वर्षं आधीच वापरला होता. ती गोष्ट सगळे सांगतात, पण अर्धीच सांगतात.

नकाशाबाहेरची बाई

१८५४ च्या ऑगस्टअखेरीला लंडनच्या सोहो भागात कॉलरा भडकला. काही आठवड्यांतच सहाशेहून अधिक माणसं गेली. कॉलरा घाण हवेतून पसरतो असं तेव्हा बहुतेक डॉक्टर मानत होते. जॉन स्नो या डॉक्टरला पाण्याचा संशय होता. मृत्यू कुठल्या घरात झाला ते त्यानं नोंदवलं आणि ते सगळे ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाभोवती दाटलेले निघाले. ८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोवर ओसरू लागली होती, हे स्नोनं स्वतःच कबूल केलं आहे. त्याचा प्रसिद्ध नकाशाही साथ संपल्यावर तयार झाला.

मला यातला नियमाला न जुमानणाऱ्या ठिकाणांचा भाग फार मोलाचा वाटतो. पंपाच्या जवळच एक अनाथ-गरिबांचं आश्रयगृह होतं. तिथे ५३५ माणसं राहत होती आणि कॉलऱ्यानं गेली फक्त पाच. हवा खराब असती तर तिथे हाहाकार व्हायला हवा होता. स्नोनं चौकशी केली तर त्यांची स्वतःची विहीर निघाली. ब्रॉड स्ट्रीटवरच बिअरचा कारखाना होता. सत्तरहून अधिक कामगार, त्यातला एकही दगावला नाही. ते पंपाचं पाणी पीतच नव्हते, बिअर पीत होते. आणि तिकडे कित्येक किलोमीटर लांब हॅम्पस्टेडमध्ये एक विधवा बाई कॉलऱ्यानं गेली. तिच्या आसपास साथीचा मागमूस नव्हता. तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडायची, म्हणून रोज गाडीतून एक बाटली तिच्यासाठी जात होती.

तिचा मृत्यू हॅम्पस्टेडमध्ये नोंदला गेला. पत्त्याप्रमाणे ठिपका तिथेच पडतो, पण तिला रोग झाला तो सोहोतल्या पंपामुळे. हे नकाशा आपणहून सांगत नाही. त्यासाठी कुणाला तरी तिच्या घरच्यांकडे जाऊन ‘बाई पाणी कुठलं प्यायच्या?’ असं विचारावं लागतं.

आपल्या शहरात या बाईसारखे रुग्ण हजारोंनी आहेत.

तीन ताप, तीन ठिकाणं

डेंग्यू पसरवणारा एडीस इजिप्ती डास दिवसा चावतो. सकाळी उजाडल्यावर आणि संध्याकाळी अंधार पडण्याआधी त्याचा जोर जास्त. तो फार लांब उडत नाही, जन्मल्या जागेपासून काहीशे मीटरांच्या आतच त्याचा संसार होतो. चावल्यानंतर ताप यायला साधारण ४ ते १० दिवस लागतात. हे तिन्ही मुद्दे एकत्र ठेवा आणि ठाण्याचा एखादा नोकरदार डोळ्यांसमोर आणा. सकाळी लवकर घर सोडणारा, लोकलनं घाटकोपर-दादरला किंवा ट्रान्स-हार्बरनं रबाळे-तुर्भ्याला जाणारा, रात्री आठला परतणारा. त्याला डास चावला कुठे? घरी चावला असेल, ऑफिसच्या जिन्याखालच्या कुंडीतला असेल, फलाटावर गाडीची वाट पाहतानाही चावला असेल. केसपेपरवर मात्र घराचा पत्ता असतो. डेंग्यूचा ठिपका आपण घरावर टाकतो, फवारणीही त्याच घराभोवती होते आणि खरं पिंप कुठेतरी दुसऱ्याच तालुक्यात भरलेलं राहतं.

घरीच असणाऱ्यांचे ठिपके म्हणून वेगळ्या रंगात काढावेत असं मी शिकले. लहान मुलं, म्हातारी माणसं, दिवसभर घरात असणाऱ्या बायका. या ठिपक्यांवर भरवसा ठेवता येतो. एकाच चाळीत चार-पाच लहान मुलांना लागोपाठ डेंग्यू झाला तर डास तिथेच किंवा त्यांच्या शाळेत आहे, हे जवळपास नक्की. नोकरदारांच्या चार ठिपक्यांवरून तसं म्हणता येत नाही. वयाची आणि कामाची नोंद नसेल तर हा फरक नकाशावर कधीच दिसणार नाही.

मलेरियाचं गणित उलटं. ॲनोफिलीस रात्री चावतो, म्हणून माणूस झोपतो ती जागा महत्त्वाची. शहरातला मलेरिया मुख्यतः ॲनोफिलीस स्टीफेन्सी पसरवतो. त्याला गच्चीवरच्या उघड्या टाक्या, विहिरी आणि बांधकामावर साठलेलं स्वच्छ पाणी आवडतं. मग वाटतं, मलेरियासाठी तरी घराचा पत्ता चालेल. पण बांधकाम मजूर पत्ता म्हणून आधार कार्ड पुढे करतो आणि त्यावर गावाकडचं घर असतं. झोपतो तो घोडबंदरला उठणाऱ्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. मुंबई-ठाणे पट्ट्यात मलेरियाचा सर्वांत जास्त धोका ज्यांना, त्यांचेच ठिपके दुसऱ्या राज्यात पडतात.

लेप्टोचं, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचं, तिसरंच. उंदरांच्या आणि गुरांच्या लघवीनं दूषित झालेल्या पाण्यातून चाललं आणि पायाला जखम असली की जंतू शरीरात शिरतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लोक छातीभर पाण्यातून चालत घरी गेले आणि पुढच्या दिवसांत लेप्टोचे रुग्ण वाढले. लेप्टोसाठी जागा म्हणजे माणूस पाण्यातून चालला ती वाट. नकाशावर तो खरं तर ठिपका नसून रेघ आहे.

ठिपके मोजले, माणसं मोजायची राहिली

नवशिक्याच्या पहिल्या नकाशात दाट वस्ती नेहमी लालभडक दिसते. माझ्याही दिसली. मुंब्रा लाल, कळवा लाल, येऊरच्या बाजूला हिरवं. ते चुकीचं होतं, कारण मी लोकसंख्येचाच नकाशा काढला होता. जिथे माणसं जास्त तिथे रुग्ण जास्त, इतकाच त्याचा अर्थ.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका प्रभागात ४० रुग्ण आणि लोकसंख्या १ लाख २० हजार. दुसऱ्यात १८ रुग्ण आणि लोकसंख्या ३० हजार. लाखामागे हिशेब केला तर पहिल्यात ३३ आणि दुसऱ्यात ६०. फवारणीची गाडी आधी दुसऱ्यात जायला हवी. खाली भागायची संख्या, म्हणजे छेद, नसेल तर रंग फसवतात.

पण छेद आणायचा कुठून? २०११ च्या जनगणनेत ठाणे शहर सुमारे १८ लाख ४१ हजारांचं होतं, नवी मुंबई महानगरपालिकेचं क्षेत्र सुमारे ११ लाख २० हजारांचं. २०२१ ची जनगणना झालीच नाही. मधल्या काळात कासारवडवली, ओवळ्याकडे टॉवरच्या रांगा उभ्या राहिल्या. तिथल्या आजच्या रुग्णांना २०११ च्या माणसांनी भागलं तर रोगाचा दर भलताच फुगतो. म्हणून काही जण उपग्रहाच्या चित्रावरून इमारती मोजून, मजल्यांचा अंदाज घेऊन लोकसंख्या काढतात. आशाताईंच्या घरोघरच्या नोंदवह्या हा माझ्या मते याहून चांगला स्रोत आहे. त्या वह्या कुणी एकत्र करून नकाशावर आणत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

लहान आकड्यांचा धोकाही इथेच सांगते. चारशे वस्तीच्या पाड्यात एकाला डेंग्यू झाला की दर होतो लाखामागे २५०. नकाशावर तो पाडा सगळ्यांत गडद, आणि मुळात रुग्ण एकच. अशा ठिकाणी दोन-तीन वर्षांचे आकडे एकत्र करावेत किंवा शेजारच्या भागांबरोबर जोडून पाहावं.

हद्दी कुणाच्या?

कोरोनाच्या साथीत, ३० एप्रिल २०२० ला केंद्र सरकारनं जिल्ह्यांना लाल, नारिंगी आणि हिरवा रंग दिला तेव्हा ठाणे जिल्हा लाल होता. त्या एका रंगात मुंब्र्याच्या दाट गल्ल्याही आल्या आणि मुरबाड-शहापूरच्या डोंगरातले पाडेही. हीच माहिती तालुक्याप्रमाणे रंगवली तर चित्र बदलतं, प्रभागाप्रमाणे रंगवली तर आणखी बदलतं. आकडे तेच राहतात, फक्त रेघा हलतात. नकाशाशास्त्रात या अडचणीवर ढीगभर लिहिलं गेलं आहे आणि तिला पक्कं उत्तर नाही. दोन-तीन वेगळ्या हद्दी लावून पाहायच्या आणि सगळीकडे जे टिकतं त्यावर विश्वास ठेवायचा, एवढं करता येतं.

आपल्याकडे एक रोजची अडचण याच्याही आधी येते. रुग्णांची यादी आरोग्य केंद्राच्या हद्दीनुसार असते, लोकसंख्या जनगणनेच्या वॉर्डानुसार, फवारणीची माणसं प्रभाग समितीनुसार. तिन्हींच्या रेघा जुळत नाहीत. नकाशा करणाऱ्याचे निम्मे दिवस यात जातात.

हाताला लागणारे खडे

आता थोडं तांत्रिक. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, जगभरचे लोक मिळून ते बनवतात आणि त्यात देवनागरी नावं नीट उमटतात. रस्ते आणि इमारतींसाठी ओपनस्ट्रीटमॅप आहे, तेही फुकट. उपग्रहाची चित्रं पाहायला इस्रोचं भुवन आहे. जुन्या लॅपटॉपवर हे सगळं चालतं.

पहिली चूक सगळ्यांची एकच होते. ठाणे स्टेशन साधारण १९.१९ उत्तर, ७२.९८ पूर्व इथे आहे. सॉफ्टवेअर आधी आडवा आकडा मागतं, म्हणजे रेखांश, आणि आपण सवयीनं अक्षांश आधी लिहितो. मग ठाण्याचे सगळे रुग्ण नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतात. आणि एखाद्या ओळीत आकडे भरलेच नसतील आणि रिकाम्या जागी शून्य बसलं असेल, तर तो रुग्ण आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात सापडतो. नकाशा उघडल्यावर आधी समुद्राकडे बघायची सवय लावून घ्या.

दशांश चिन्हानंतर किती आकडे लिहायचे? दोन लिहिले तर जागा किलोमीटरभर इकडेतिकडे. तीन लिहिले तर शंभर मीटर. चार लिहिले तर दहा-अकरा मीटर, म्हणजे चाळीतल्या दोन-तीन खोल्या. मोकळ्या आकाशाखाली मोबाइल पाच-एक मीटरपर्यंत बरोबर सांगतो, पण अरुंद गल्लीत किंवा टॉवरच्या मधे तो चुकतो. शिवाय तीस मजल्यांच्या टॉवरमधले सगळे रुग्ण एकाच ठिपक्यावर बसतात. मजला हा वेगळा रकाना करावा लागतो.

दुसरी चूक मापाची. समजा रुग्णाच्या घराभोवती ३०० मीटरचं वर्तुळ काढायचं आहे. थर अंश-कलांत असेल आणि तुम्ही ३०० लिहिलंत, तर सॉफ्टवेअर ते ३०० अंश समजतं आणि वर्तुळ पृथ्वीभर पसरतं. कारण असं की एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, आणि एक अंश रेखांश ठाण्याजवळ सुमारे १०५ किलोमीटर. गोल पृथ्वीवरचे हे अंश मीटरमध्ये मोजायचे तर आधी सपाट कागदावर आणावे लागतात. आपल्या भागासाठी त्याची ठरलेली पद्धत आहे यूटीएम झोन ४३ उत्तर, सॉफ्टवेअरमध्ये तिचा क्रमांक ३२६४३. थर त्यात बदलून घेतला की ३०० म्हणजे ३०० मीटरच.

तिसरी अडचण खास आपली. रुग्णांच्या यादीत ‘कोपरखैरणे’, हद्दींच्या फाइलमध्ये ‘कोपर खैरणे’, तिसऱ्या यादीत ‘कोपरखैराणे’. माणसाला तिन्ही एक, संगणकाला तीन वेगळी गावं. जोडणी होत नाही आणि तो भाग नकाशावर पांढरा राहतो. नावावर जोडण्यापेक्षा क्रमांकावर जोडणं बरं. सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत गावांना आणि नगरपालिकांना ठरलेले क्रमांक आहेत. आपल्या यादीत पहिल्या दिवसापासून तो रकाना ठेवला तर पुढचे कित्येक दिवस वाचतात.

निदानाच्या रकान्यालाही शिस्त हवी. डेंग्यूच्या सरकारी मोजणीत एलायझा ही प्रयोगशाळेतली रक्ततपासणी ग्राह्य धरतात, झटपट किटवरचा निकाल ‘संभाव्य’ मानला जातो. दोन्ही एकाच रंगानं दाखवले तर ज्या गल्लीत किट वापरणारा डॉक्टर बसतो ती गल्ली उगीच बदनाम होते.

आणि अंतर. नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रस्ता आणि त्याला समांतर रेल्वेमार्ग आहे. पश्चिमेला सेक्टरचे नियोजित नोड, म्हणजे शहराचे आखीव भाग, पूर्वेला एमआयडीसी आणि डोंगराच्या उतारावरच्या वस्त्या. पूर्वेच्या वस्तीपासून पश्चिमेच्या आरोग्य केंद्रापर्यंत सरळ रेघेनं मोजलं तर एक किलोमीटर निघेल. पण तापानं फणफणलेलं पोर काखेत घेऊन बाई निघते तेव्हा तिला आधी भुयारी मार्ग किंवा पूल गाठावा लागतो, अवजड गाड्यांचा रस्ता ओलांडावा लागतो. क्यूजीआयएसमध्ये रस्त्यांवरून अंतर मोजायची सोय आहे. आरोग्य केंद्र ‘जवळ’ आहे असं म्हणायच्या आधी ती वापराच, नाहीतर ज्यांना खरंच लांब पडतं ते कागदावर जवळचे ठरतात.

पांढरी जागा

नकाशावर जिथे एकही ठिपका नाही, ती जागा मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करते. तिथे रोग नसेलही. पण तिथून कुणी तपासणीला आलंच नसेल, किंवा सगळे जवळच्या खासगी डॉक्टरकडे गेले असतील आणि त्यानं कळवलं नसेल, किंवा पत्ता इतका अस्पष्ट असेल की आम्हीच ती ओळ बाजूला ठेवली असेल. नवी मुंबईत ‘नेरूळ, सेक्टर अमुक, प्लॉट तमुक’ असा पत्ता क्षणात सापडतो. जुन्या गावठाणातल्या, डोंगरावरच्या झोपड्यांतल्या पत्त्यांचे ठिपके पडत नाहीत. म्हणजे नियोजित भागातले आजारी दिसतात आणि अनियोजित भागातले दिसत नाहीत. असा नकाशा पाहून कुणी निधी वाटला, तर तो आधीच सोयी असलेल्यांकडे जाईल.

म्हणून मी प्रत्येक नकाशाखाली एक ओळ लिहिते: ‘एकूण इतक्या नोंदी, त्यातल्या इतक्यांची जागा सापडली नाही.’ आणि न सापडलेल्या नोंदी कुठल्या केंद्रातून आल्या, त्याचा वेगळा छोटा नकाशा काढते. बऱ्याचदा मुख्य नकाशापेक्षा तोच जास्त बोलतो.

डोळ्यांबद्दलही सावध राहावं लागतं. मूठभर तांदूळ जमिनीवर टाकले तरी कुठे कुठे पुंजके दिसतात, पण ते कुणी मुद्दाम केलेले नसतात. ठिपक्यांचा पुंजका योगायोगाचा आहे की खरा, हे तपासायला संख्याशास्त्रीय चाचण्या आहेत. सॅटस्कॅन हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर लोकसंख्या धरून तेच करतं. पहिल्या वर्षी त्यात शिरायची घाई नको, पण ते आहे हे माहीत असावं.

ठिपका म्हणजे कुणाचं तरी घर

क्षयरोग, एचआयव्ही किंवा कुष्ठरोगाचा नकाशा गल्लीच्या पातळीवर कधीही कुणाला दाखवू नये. चाळीत ठिपका पडला की शेजाऱ्यांना खोली ओळखायला दोन मिनिटं लागतात, आणि त्या घरातल्या मुलीचं लग्न अडतं, भाडेकरूला खोली सोडावी लागते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच, पण तो नसता तरी हे पाळायला हवं होतं. बाहेर द्यायच्या नकाशात ठिपके काढून टाकायचे आणि मोठ्या चौकोनांत बेरीज दाखवायची. एखाद्या चौकोनात पाचपेक्षा कमी रुग्ण असतील तर आकडा लिहायचा नाही. नावं आणि फोन नंबर असलेली फाइल नकाशाच्या फाइलपासून वेगळी, कुलूपबंद ठेवायची. व्हॉट्सॲपच्या गटात तर ती मुळीच टाकायची नाही.

सुरुवात करायची तर

तुमचीच गल्ली घ्या. रुग्णांची माहिती लगेच नको, ती मिळायलाही परवानगी लागते आणि लागायलाच हवी. आधी पाणी साठणाऱ्या जागा टिपा: पिंपं, उघड्या टाक्या, टायर, कुंड्यांखालच्या ताटल्या. मोबाइलवर जागेचे आकडे घ्या, वहीत लिहा, ‘अळ्या आहेत’ किंवा ‘नाहीत’ एवढा एक रकाना करा. एडीसच्या अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून दर आठवड्याला त्याच वारी फेरी मारा. चार आठवड्यांत चार थर तयार होतात. एकावर एक ठेवले की कुठलं पिंप दर वेळी भरलेलं असतं ते कळतं. ज्या गल्लीत पाणी एक दिवसाआड येतं तिथे पिंपं जास्त सापडतील, आणि मग पाण्याच्या वेळापत्रकाचा पाचवा थर घ्यावासा वाटेल. मी अशीच शिकले. बरोबर एक आशाताई होत्या, आणि कुठल्या दारावर कितीला जायचं हे त्यांना ठाऊक होतं. ते मला कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये सापडलं नसतं.

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या ताप-शिबिराच्या फॉर्मवर आम्ही पत्त्याखाली दोन ओळी वाढवल्या आहेत: ‘गेल्या दोन आठवड्यांत रात्री कुठे झोपलात?’ आणि ‘दिवसा कुठे होतात?’ पहिल्याच आठवड्यात विशीतला एक मुलगा आला. मलेरियाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह, आधार कार्डावर परराज्यातलं गाव. त्यानं दोन्ही ओळींना एकच उत्तर दिलं, ‘महापे, साइटवर.’ दुसऱ्या दिवशी आशाताई आणि मी तिथे गेलो. लिफ्टसाठी खणलेल्या खड्ड्यात गुडघाभर पाणी होतं. ताईंनी त्यात पांढरी वाटी बुडवून वर काढली, वाटीत अळ्या वळवळत होत्या. मी खड्ड्याजवळ उभी राहून मोबाइलवर जागा टिपली. शेजारी प्लायवूडच्या खोलीत त्याच मुलाबरोबर काम करणारे आणखी दोघं अंगावर गोधडी घेऊन थरथरत पडले होते. त्यांचे केसपेपर कुठेही निघालेले नव्हते.